कोट्स लावल्यावर एरर गेली, पण १२० दिवस थकीत असलेला अर्ज मंजूर झाला

प्रश्न: नमस्कार. मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, कोडिंग येत नाही. कर्जमंजुरीचे नियम रूल सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मी एक्सेलमध्ये डिसिजन टेबल, म्हणजे प्रत्येक ओळीत अटी आणि त्यांचा निकाल असलेला तक्ता, भरून अपलोड करते. एक नियम असा आहे की आधीच्या कर्जाचे थकीत दिवस ९० च्या वर असतील तर अर्ज नामंजूर. मागच्या अपडेटनंतर या कॉलमवर ‘टाइप मिसमॅच, नंबर अपेक्षित, स्ट्रिंग मिळाली’ अशी एरर यायला लागली. मी सेलमधल्या ९० ला कोट्स लावले, एरर गेली. ३०, ८५, ९५ असे आकडे टाकून टेस्ट केलं, सगळं पास. लाइव्ह गेल्यावर कळलं की १२० दिवस थकीत असलेले अर्ज मंजूर होतायत. त्यात अजून एक नियम आहे, हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर गेला तर अर्ज तपासणीला पाठवायचा, तो कधी लागतच नाही आणि एररही देत नाही. डेव्हलपर म्हणतात रूल चुकीचा लिहिलाय, मी म्हणते डेटाच चुकीचा येतोय. नेमकं कुठे बघू? आणि जे अर्ज मंजूर होऊन गेले त्यांचं काय करायचं?

उत्तर: नमस्कार. आधी तातडीचं सांगते, मग बाकीचं. ते कोट्स आजच काढायला सांगा. काढले की एरर परत येईल, येऊ दे, आणि तोपर्यंत त्या नियमाखाली येणारे सगळे अर्ज आपोआप मंजूर न होता माणसाकडे तपासणीला जातील एवढी सोय डेव्हलपरकडून करून घ्या. काम थोडं तुंबेल, चार फोन येतील, पण आत्ता जे चाललंय त्यात रोज नवीन चुकीचे निर्णय बाहेर पडतायत आणि ते नंतर मागे घेणं फार अवघड जातं.

आता नेमकं काय झालं ते बघू. थकीत दिवस हा आकडा आधी तुमच्या सॉफ्टवेअरला नंबर म्हणून मिळत होता. अपडेटनंतर पाठवणाऱ्या सिस्टिमने तोच आकडा कोट्समध्ये घालून, म्हणजे स्ट्रिंग (नुसता मजकूर, अक्षरांची रांग) म्हणून पाठवायला सुरुवात केली असणार, कारण तुमच्या टेबलमध्ये तर काहीच बदललं नव्हतं. तुमच्या सेलमध्ये नंबर, समोरून आली स्ट्रिंग, इंजिन, म्हणजे नियम तपासणारं तुमचं रूल सॉफ्टवेअर, म्हणालं यांची तुलना मी करणार नाही. अगदी बरोबर म्हणालं ते. मग तुम्ही तुमच्या बाजूलाही कोट्स लावले, दोन्हीकडे स्ट्रिंग झाली, आणि दोन स्ट्रिंगची तुलना करायला बहुतेक इंजिनांची हरकत नसते. फक्त ती तुलना आकड्यांची राहत नाही, शब्दकोशात शब्द लावतात तशी होते. पहिलं अक्षर बघायचं, ते सारखं असेल तरच दुसरं. ‘१२०’ आणि ‘९०’ मध्ये पहिलं अक्षर १ आणि ९, १ आधी येतो, म्हणून इंजिनच्या लेखी १२० हा ९० पेक्षा लहान. नियम लागला नाही, अर्ज मंजूर.

तुमच्या टेस्टमध्ये हे का दिसलं नाही तेही बघा. ३०, ८५, ९५ हे सगळे दोन आकडी आहेत आणि ९० पण दोन आकडी. सारख्या लांबीचे आकडे असतील तर शब्दकोशाचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच येतो, त्यामुळे उत्तर बरोबरच येणार. गंमत म्हणजे ९०० दिवसवालाही बरोबर नामंजूर होतो, कारण पहिली दोन अक्षरं ९ आणि ० जुळली आणि पुढे अजून एक अक्षर शिल्लक आहे म्हणून तो मोठा. चुकतात ते मधले, १०० ते ८९९. म्हणजे ज्यांची थकबाकी सगळ्यात ठळकपणे नियमात बसते त्यातलेच बरेचसे सुटले. आणि एवढ्यावर थांबत नाही, रिकामी स्ट्रिंग ही कुठल्याही आकड्याच्या आधी येते म्हणून थकीत दिवस रिकामे असलेले अर्जही मंजूर, आकड्याच्या आधी चुकून एक स्पेस असली तरी मंजूर कारण स्पेसचा क्रम आकड्यांच्या आधी लागतो, ‘०९५’ असं आधी शून्य लावून आलेलंही मंजूर. उलट कोणी तिथे ‘एनए’ अशी इंग्रजी अक्षरं टाकली असतील तर तो अर्ज नामंजूर होणार कारण अक्षरं आकड्यांच्या नंतर येतात, म्हणजे काही जणांवर उलटा अन्यायही झाला असू शकतो. ही यादी बाजूला लिहून ठेवा, शेवटच्या प्रश्नात लागेल.

म्हणून माझं ठाम मत आहे की टाइपची एरर आली की ती घालवायच्या मागे लागायचं नाही, व्हॅल्यूचा टाइप नेमका कुठल्या टप्प्यावर बदलला ते शोधायचं आणि दुरुस्ती तिथेच करायची. टेबल ही सगळ्यात शेवटची जागा आहे. तिथे तुम्ही जो काही जुगाड कराल त्याने एरर दिसायची बंद होते आणि चूक तशीच आत राहते.

शोधायचं कसं, तर त्यासाठी कोडिंग यायची गरज नाही. एकच अर्ज पकडा, जो चुकलाय असा, दहा नको. डेव्हलपरना सांगा की या अर्जाची समोरच्या सिस्टिमकडून आलेली मूळ रिक्वेस्ट मला जशीच्या तशी द्या, स्क्रीनवर दिसणारा आकडा नको आणि तुमच्या रिपोर्टमधला आकडाही नको. बहुतेक ठिकाणी ती जेसनमध्ये, म्हणजे सिस्टिम एकमेकींना माहिती पाठवतात त्या साध्या मजकुराच्या स्वरूपात, असते आणि जेसन वाचायला सोपं आहे, आकड्याभोवती कोट्स असतील तर स्ट्रिंग, नसतील तर नंबर. मग विचारा की हीच व्हॅल्यू तुमच्या कोडमध्ये आल्यावर कुठल्या टाइपच्या फील्डमध्ये बसते, आणि तिथून रूल इंजिनला देताना कुठल्या टाइपची असते. इंजिनच्या आत जाण्याच्या क्षणी लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, तीन गोष्टी छापून घ्या: व्हॅल्यू चौकटी कंसात, तिचा टाइप आणि तिची लांबी. कंस आणि लांबी कशाला, तर स्पेस डोळ्यांना दिसत नाही. ‘९०’ ची लांबी दोन यायला हवी आणि तीन आली तर कुठेतरी काहीतरी चिकटलंय. वेबपेजवरून कॉपी पेस्ट केलेल्या मजकुरात बऱ्याचदा नॉन ब्रेकिंग स्पेस येते, तिचा कोड १६०, दिसायला साधी स्पेसच, पण कडेच्या जादा स्पेस काढणारं एक्सेलचं ट्रिम फंक्शन ती काढत नाही आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेचं ट्रिमही काढत नाही. डेव्हलपर म्हणतात ‘मी ट्रिम लावलंय हो’ आणि ते खरंच बोलत असतात, तरी ती तिथेच असते.

हे टप्पे लावून बघितले की कुठल्या टप्प्याच्या आधी नंबर होता आणि नंतर स्ट्रिंग झाली ते समोर येतं. तुमच्या केसमध्ये मला वाटतं पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टमध्येच कोट्स दिसतील. मग दोन रस्ते आहेत. पाठवणाऱ्या टीमला सांगायचं की पूर्वीसारखा नंबर पाठवा, किंवा आपल्या दारातच, रूल इंजिनपर्यंत जायच्या आधी, स्ट्रिंगचा नंबर करून घ्यायचा आणि झाला नाही तर तो अर्ज तिथेच अडवायचा. मला विचाराल तर दोन्ही करा, कारण समोरच्या टीमने आज दुरुस्त केलं तरी पुढच्या अपडेटला परत बदलणार नाहीत याची हमी कोण देणार. फक्त एक गोष्ट डेव्हलपरकडून पक्की करून घ्या, नंबर करता आला नाही तर शून्य धरायचं नाही. बरेच जण कोड कोसळू नये म्हणून शून्य टाकून पुढे जातात, पण थकीत दिवस शून्य म्हणजे तुमच्या नियमात सगळ्यात चांगला ग्राहक. माहिती नसणं आणि शून्य असणं हे पूर्ण वेगळं आहे.

एक्सेलची बाजूही एकदा तपासून घ्या, कारण तुम्ही टेबल तिथे भरता आणि एक्सेल स्वतःहून बऱ्याच गोष्टी ठरवतं. सेलला आधी टेक्स्ट फॉरमॅट असेल आणि त्यात ९० टाइप केलं तर ते टेक्स्टच राहतं, आणि नंतर फॉरमॅट नंबर केला तरी आत साठलेलं टेक्स्ट बदलत नाही, सेलमध्ये परत जाऊन एंटर मारावं लागतं किंवा व्हॅल्यू फंक्शन वापरावं लागतं. इथे लोक तासन् तास अडकतात, कारण फॉरमॅट बघायला गेलं तर नंबर लिहिलेलं असतं. अलाइनमेंट हाताने बदललेली नसेल तर टेक्स्ट डावीकडे आणि नंबर उजवीकडे चिकटलेला दिसतो, तेवढ्यावरूनही अंदाज येतो, पण खात्रीसाठी शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये इझनंबर फंक्शन लावून खालपर्यंत ओढा, जिथे फॉल्स येईल ती सेल बघा. दोनशे ओळींच्या टेबलमध्ये एकच सेल टेक्स्ट असू शकते आणि एरर मात्र पूर्ण कॉलमच्या नावाने येते.

याच्या उलटही होतं. शाखेचा कोड ‘००४५’ असेल तर एक्सेल त्याला नंबर समजून ४५ करतं आणि सुरुवातीची शून्यं गेली. लांब खातेक्रमांक असेल तर एक्सेल नंबरमधले फक्त पहिले १५ अंक राखतं, पुढचे सगळे शून्य होतात, आणि हे सेव्ह झालं की परत मिळत नाहीत. माझा साधा नियम आहे, ज्या आकड्यांची कधी बेरीज-वजाबाकी करणार नाही आणि लहान-मोठं बघणार नाही ते आकडे दिसत असले तरी स्ट्रिंगच ठेवायचे. खातेक्रमांक, पिनकोड, फोन, कोड हे सगळे स्ट्रिंग. थकीत दिवस, वय, उत्पन्न, हप्ता हे नंबर. आणि एक्सेलच्या या सवयीने फक्त आपल्यासारख्यांनाच त्रास होतो असं नाही, माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं मार्च आणि सप्टेंबरच्या लघुरूपांसारखी दिसायची म्हणून एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, शास्त्रज्ञांच्या याद्या बिघडायच्या, शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली.

आता तुमचा दुसरा नियम, जो लागतच नाही. मला हा पहिल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो, कारण पहिल्यात निदान सुरुवातीला एरर तरी आली होती. इथे तीन संशय आहेत, याच क्रमाने बघा.

पहिला संशय, पूर्णांकांचा भागाकार. समजा हप्ता २६००० आणि उत्पन्न ५००००. तुम्हाला आणि मला माहितीये की हे ५२ टक्के. पण डेव्हलपरने दोन्ही फील्ड इंटिजर, म्हणजे पूर्णांक, ठेवली असतील तर जावासारख्या भाषेत इंटिजरला इंटिजरने भागलं की उत्तरही इंटिजर येतं, दशांश भाग सरळ कापला जातो. २६००० भागिले ५०००० म्हणजे ०.५२ नाही, शून्य. मग त्याला १०० ने गुणलं तरी शून्यच. हप्ता उत्पन्नापेक्षा लहान असेल तोवर, म्हणजे जवळपास प्रत्येक अर्जाला, उत्तर शून्य, ते ४० च्या वर कधी जाणारच नाही आणि एररही येणार नाही, कारण भाषेच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. तपासायला सोपं आहे, हप्ता उत्पन्नापेक्षा जास्त असलेला एक खोटा अर्ज टेस्टमध्ये टाका, समजा हप्ता ६०००० आणि उत्पन्न ५००००. हा लागला आणि ५२ टक्केवाला लागला नाही तर संशय पक्का. दुरुस्ती म्हणून कोणी सुचवेल की आधी १०० ने गुणा मग भागा. त्याने हे उदाहरण सुटतं, पण ५२.९ चे ५२ होतातच आणि ४०.५ चे ४० होऊन तो अर्ज निसटतो, शिवाय साध्या इंटिजरची मर्यादा २१४७४८३६४७ आहे, मोठ्या रकमेला १०० ने गुणलं की ती ओलांडून आकडा उणेही होऊ शकतो. त्यामुळे ती फील्ड डेसिमल करून घ्या, अर्धवट उपाय नको.

दुसरा संशय, टक्क्याचं माप. सॉफ्टवेअर गुणोत्तर ०.५२ असं काढत असेल आणि तुमच्या सेलमध्ये ४० लिहिलेलं असेल तर ०.५२ हा ४० पेक्षा कधीच मोठा होणार नाही. इथेही एक्सेल घोळ घालतं, सेलमध्ये ४०% असं चिन्हासकट लिहिलं तर आत साठतं ०.४, आणि नुसतं ४० लिहिलं तर ४०, दोन्ही दिसायला एकच गोष्ट सांगतात. टाइप दोन्हीकडे नंबर आहे म्हणून कुठलंच इंजिन तुम्हाला सावध करणार नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचून गमावलं ते असंच, एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले आणि ते वापरणाऱ्यांनी न्यूटन सेकंद समजून वापरले. आकडे आकडेच होते, मापं वेगळी होती. तुम्ही एवढंच करा, कॉलमच्या शीर्षकातच माप लिहा: ‘हप्ता-उत्पन्न टक्के, ० ते १००’ किंवा ‘हप्ता-उत्पन्न गुणोत्तर, ० ते १’. जो कोणी पुढे टेबल उघडेल त्याला विचारावं लागणार नाही.

तिसरा संशय, नल, म्हणजे व्हॅल्यूच नसणं. तुमचं सॉफ्टवेअर कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते जर डीएमएन या निर्णयाचे नियम लिहायच्या स्टँडर्डवर चालणारं असेल तर हे खास लक्षात घ्या. त्यातल्या फील नावाच्या भाषेत टाइप न जुळणाऱ्या तुलनेचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स न येता नल येतं. डिसिजन टेबलमध्ये अट ट्रू आली तरच ओळ लागते, नल आलं की ती ओळ गप्प वगळली जाते आणि इंजिन पुढच्या ओळीकडे जातं. म्हणजे दुसऱ्या एखाद्या इंजिनने जिथे लाल अक्षरात एरर दिली असती तिथे हे काहीच बोलत नाही, फार तर लॉगमध्ये एखादी वॉर्निंग असते जी कोणी वाचत नाही. उत्पन्न रिकामं आलं तरीही तेच, रिकाम्याशी केलेलं गणित नल. यावर चांगला उपाय म्हणजे टेबलच्या सुरुवातीला एक वेगळी ओळ ठेवायची, उत्पन्न किंवा हप्ता नल असेल तर तपासणीला पाठवा, आणि टेबलच्या शेवटी एक सगळ्यांना लागणारी ओळ ठेवायची जी मंजूर न करता तपासणीकडेच पाठवते. पण हे दोन्ही वरून खाली पहिली जुळलेली ओळ धरणाऱ्या टेबललाच चालतं, तुमच्या टेबलचं हिट पॉलिसी, म्हणजे एकाहून जास्त ओळी जुळल्या तर काय करायचं याचा नियम, काय आहे ते आधी विचारून घ्या, एकाच वेळी एकच ओळ जुळली पाहिजे असं युनिक पॉलिसी असेल तर शेवटची सगळ्यांना लागणारी ओळ टाकल्यावर वेगळीच एरर सुरू होईल.

फीलमध्ये एक चांगली सोयही आहे, स्ट्रिंगचा नंबर करताना हजारांचं चिन्ह कुठलं आणि दशांशाचं चिन्ह कुठलं हे स्पष्ट सांगता येतं. काही ठिकाणी स्वल्पविराम हजार वेगळे करायला वापरतात आणि काही ठिकाणी दशांशाला, त्यामुळे ‘१,५००’ म्हणजे दीड हजार की दीड हे सॉफ्टवेअरला सांगावंच लागतं. अंदाजावर सोडू नका.

दशांशाचा अजून एक मुद्दा थोडक्यात, कारण तुमच्या नियमात ४० ही सीमा आहे. बऱ्याच भाषांत साधा दशांश आकडा बायनरीत, म्हणजे ० आणि १ च्या रूपात, साठतो आणि ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. सीमेवर अगदी बरोब्बर बसणारा अर्ज अशा वेळी ‘वर’ गेल्यासारखा दिसतो. डीएमएनमध्ये नंबर डेसिमल पद्धतीने ३४ अंकांपर्यंत साठतो म्हणून तिथे हा त्रास नाही. जावात असाल तर बिगडेसिमल हा दशांश नेमका साठवणारा टाइप मागा, मात्र त्यात २.० आणि २.०० ची तुलना इक्वल्स या फंक्शनने केली तर ते वेगळे ठरतात, कंपेअरटूने केली तर सारखे, हे डेव्हलपरना माहिती असतं पण घाईत राहून जातं.

हो-नाहीच्या कॉलमकडेही एक नजर टाका. जावाचं बूलियन, म्हणजे हो-नाही प्रकारची व्हॅल्यू, वाचणारं नेहमीचं फंक्शन फक्त ‘ट्रू’ हा शब्द ओळखतं, बाकी ‘येस’, ‘वाय’, ‘१’ काहीही दिलं तरी एरर न देता फॉल्स परत करतं. आणि तारखा. जेसनमध्ये तारीख असा टाइपच नाही, ती स्ट्रिंग म्हणूनच येते, त्यामुळे ०५/०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे हा वाद टाळायला वर्ष-महिना-दिवस हाच क्रम सगळ्यांकडून मागून घ्या, २०२४-०३-०५ असा. एक्सेलमधून तारखेच्या जागी ४५२९२ असा आकडा आलेला दिसला तर घाबरू नका, एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजतं आणि ४५२९२ म्हणजे १ जानेवारी २०२४, कोणीतरी तो तारखेत बदलायचा राहिलाय एवढंच.

आता डेव्हलपर आणि तुमचा वाद. ते म्हणतात रूल चुकीचा, तुम्ही म्हणता डेटा चुकीचा, आणि खरं सांगायचं तर आज तुमच्या दोघांकडेही हे ठरवायला कागदच नाही. प्रत्येक इनपुट फील्डचं नाव, टाइप, माप, रिकामं चालतं का, आणि कमीत कमी-जास्तीत जास्त किती, एवढ्या पाच गोष्टींचं एक पानभर टेबल तुम्ही बसून करा, पाठवणारी टीम, डेव्हलपर आणि तुम्ही तिघांनी मान्य करा. हे काम तुम्हीच हातात घ्या असं मला वाटतं, कारण थकीत दिवस रिकामे असणं चालेल की नाही हे कोडवरून कळत नाही, ते धंदा समजणाऱ्यालाच सांगता येतं, आणि ती तुम्ही आहात. कोडिंग येत नाही म्हणून मागे राहू नका. मग पुढच्या वेळी एरर आली की आलेली व्हॅल्यू त्या पानाशी ताडून बघायची, पानाप्रमाणे नसेल तर डेटा चुकीचा आणि पानाप्रमाणे असूनही निकाल चुकला तर रूल चुकीचा, भांडायचं कारण उरत नाही. आणि ते पान डेव्हलपरना दिलं की त्यावरून दारात तपासणारं व्हॅलिडेशन ते स्वतःच लिहू शकतात.

टेस्टचे आकडेही बदला. थकीत दिवसांसाठी ०, ९, ८९, ९०, ९१, ९९, १००, ८९९, ९००, मग रिकामं, नल, आधी स्पेस असलेला ९५, कोट्समधला ९५ आणि एक शब्द. प्रत्येकासमोर अपेक्षित निकाल आधी लिहून ठेवा, निकाल बघून मग नाही. ‘हा अर्ज दारातच अडला पाहिजे’ हाही एक अपेक्षित निकालच आहे, तो लिहायला लोक विसरतात. आणि टेस्टमध्ये आकडे स्क्रीनवरून हाताने टाकत असाल तर ती स्क्रीन त्यांना नंबर करूनही आत देऊ शकते, मग लाइव्हची स्ट्रिंग तिथे कधी येणारच नाही, म्हणून निदान दोन-तीन टेस्ट लाइव्हच्या खऱ्या रिक्वेस्टची नावं-नंबर पुसलेली प्रत वापरून करा.

राहिला शेवटचा प्रश्न, होऊन गेलेल्या अर्जांचा. हे लपवू नका आणि स्वतः परस्पर बदलूही नका. आज तुमच्या वरिष्ठांना लेखी कळवा, कोट्स कुठल्या तारखेला लाइव्ह गेले आणि कशामुळे, दोन ओळीत. मग त्या तारखेपासून कोट्स काढल्याच्या तारखेपर्यंतचे सगळे अर्ज लॉगमधून काढून घ्या. पहिल्या नियमासाठी मंजूर झालेल्यांत थकीत दिवस १०० ते ८९९, चार आकडी असतील तर १००० ते ८९९९, रिकामे, आकड्याच्या आधी स्पेस किंवा शून्य असलेले बघा, आणि नामंजूर झालेल्यांत जिथे आकड्याऐवजी अक्षरं आहेत ते बघा, त्या लोकांचाही हक्क आहे. दुसऱ्या नियमासाठी मात्र तारीख कोट्सची धरू नका, तो नियम पहिल्यांदा लाइव्ह गेला तिथपासून मागे जावं लागेल, कारण तो कदाचित कधीच चाललेला नसेल. दुरुस्त केलेले नियम लाइव्हपासून वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून हेच अर्ज त्यांच्या नोंदलेल्या मूळ इनपुटसकट परत चालवा, आजचा ताजा डेटा घेऊ नका, नाहीतर मधल्या काळात ज्यांनी थकबाकी भरली त्यांचा निकाल वेगळा येईल आणि तुलना बिघडेल. जुना निकाल, नवा निकाल आणि कुठल्या नियमामुळे फरक पडला, एवढ्या तीन कॉलमची यादी करून ज्यांना मंजुरीचा अधिकार आहे त्यांच्याकडे द्या. कर्ज आधीच दिलं गेलं असेल तर पुढे काय करायचं हे करारावर अवलंबून आहे, ते कायदा बघणाऱ्या विभागाने ठरवायचं, आणि मूळ लॉग मात्र त्यांचं काम पूर्ण होईपर्यंत कोणी पुसणार नाही याची सोय आजच करून ठेवा, कारण बऱ्याच सिस्टिममध्ये ते ठरावीक दिवसांनी आपोआप उडतात.